टीएलडीवर व्हायरल लोड वाढला म्हणजे रेझिस्टन्स आला का? खानदेशातल्या वीस वर्षांचा हिशोब

टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅविर ही एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी, व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, आणि रेझिस्टन्स म्हणजे विषाणूनं औषधाला दाद न देणं. शिरपूर तालुक्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न असा आहे: ‘टीएलडी चालू असलेल्या माझ्या काही रुग्णांचा व्हायरल लोड हजाराच्या वर आला आहे. आपल्या भागातला एचआयव्ही औषधांना दाद देईनासा झाला आहे का? खानदेशात रेझिस्टन्स आधीपेक्षा वाढला की कमी झाला? आणि डोलुटेग्रॅविरही आधीच्या औषधांच्याच वाटेनं जाणार का?’

डॉक्टर, उत्तर आधी सांगतो आणि कारणं मागून. टीएलडीवर लोड हजाराच्या वर दिसला, तर बहुतेक वेळा गोळी पोटात गेलेली नसते, किंवा गेली तरी रक्तात पुरेशी उतरलेली नसते. विषाणूनं डोलुटेग्रॅविरवर मात केलेली असण्याची शक्यता लहान आहे. शून्य नाही, आणि काही ठरावीक रुग्णांत ती चांगलीच मोठी होते. हे ठरावीक रुग्ण तुमच्याकडं आज कोण आहेत हे शोधायचं, तर जुन्या कार्डांकडं वळावं लागतं.

जीनोटाइप, म्हणजे विषाणूच्या जनुकांतले रेझिस्टन्सचे बदल शोधणारी तपासणी, राष्ट्रीय कार्यक्रमात सरसकट होत नाही. ती मुख्यतः वरच्या लाइनच्या, म्हणजे आधीचा औषधसंच निकामी झाल्यावर द्यायच्या संचाच्या, उंबरठ्यावर आलेल्या रुग्णांसाठी राखलेली असते. त्यामुळं आपल्यासारख्या जिल्ह्यांत रेझिस्टन्स वाचायचा तो रुग्णाच्या औषधांच्या इतिहासावरून. कोणत्या वर्षी कोणतं औषध घेत होता, कधी तुटलं, किती काळ लोड वर राहिला. एवढं नीट लिहिलेलं असेल तर रिपोर्टात काय येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो, आणि तो सहसा चुकत नाही.

आधी मुळातली गोष्ट. एचआयव्हीचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे त्याच्या जनुकांची नक्कल काढणारं एन्झाइम, नक्कल करताना आपल्या चुका तपासत नाही. सुमारे ९,७०० अक्षरांचा मजकूर, आणि उपचार नसलेल्या माणसात रोज अब्जावधी नवे विषाणू. म्हणजे एकेका जागी बदल झालेले विषाणू औषध सुरू होण्याआधीच शरीरात कुठं ना कुठं असतात. औषध त्यांना घडवत नाही, निवडून देतं. या निवडणुकीला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: विषाणूची वाढ चालू हवी आणि औषधही थोडंफार हवं. औषध पुरेसं असेल तर वाढ थांबते, अजिबात नसेल तर निवडीचं कारणच उरत नाही. घोटाळा होतो तो अर्धवट औषधात. खानदेशात गेल्या वीस-बावीस वर्षांत दर काही वर्षांनी औषध अर्धवट राहण्याचं कारण बदलत गेलं, आणि त्याबरोबर रेझिस्टन्सचं रूपही बदलत गेलं.

सरकारी गोळ्या येण्याआधीचा काळ तुम्ही पाहिलेला नाही. २००१ साली सिप्लानं तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून ठेवला तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तोही खर्च झेपणारा नव्हता. मग खासगीत झिडोव्ह्युडिन आणि लॅमिव्ह्युडिन अशी दोनच औषधं लिहिली जायची. कापसाचे पैसे हातात आले की दोन महिन्यांच्या गोळ्या, आणि पेरणीला पैसा लागला की बंद. लॅमिव्ह्युडिनविरुद्धचा एम१८४व्ही हा बदल अशा वेळी काही आठवड्यांत वर येतो. झिडोव्ह्युडिनविरुद्धचे बदल, ज्यांना आपण टॅम म्हणतो, ते मात्र एकेक करत साचत जातात. त्या काळातले काही रुग्ण अजून आहेत, चांगले चालतेफिरते आहेत. त्यांच्या नोंदी आपल्या केंद्रात सुरू होतात त्या मोफत उपचाराच्या पहिल्या दिवसापासून. त्याआधीची खासगी चिठ्ठी घरच्या ट्रंकेत असते आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

१ एप्रिल २००४ ला नाकोनं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू केली, ती देशभरात आठ सरकारी रुग्णालयांत. आपल्या लोकांसाठी जवळचं म्हणजे मुंबईचं जेजे. धुळे, जळगाव आणि नंदुरबारला केंद्रं नंतर आली. तेव्हाचा पहिला संच स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, सोबत लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या नसत. माणसं उशिरा यायची, पण गोळ्या लागू पडायच्या. सहा महिन्यांत वजन वाढायचं, माणूस पुन्हा शेतावर जायचा. (आणि दोन-तीन वर्षांत स्टॅव्ह्युडिननं गाल बसायचे, की गावाला कळायचंच. त्या गालांपायी गोळ्या सोडलेले लोक मी पाहिले आहेत. ते औषध मागं पडलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.)

अडचण पुढं होती. औषध निकामी झालंय हे ओळखायला आपल्या हाती फक्त सीडी४ होता. सुरुवातीच्या आकड्याइतका खाली आला, किंवा सर्वोच्च आकड्याच्या निम्म्यावर आला, किंवा शंभरच्या वर जाईचना, तर फेल्युअर समजायचं. रुग्णाच्या नोंदींचं एखादं जुनं पांढरं कार्ड काढून बघा. सीडी४ चा रकाना असा दिसेल: ८८, २१०, २६४, २५०, १९०, १२०. या रांगेत फेल्युअर १२० ला धरलं गेलं. विषाणू मात्र २५० च्या आसपासच उठलेला असणार, कारण लोड आधी वाढतो आणि सीडी४ मागून घसरतो. मधल्या दीड-दोन वर्षांत रुग्ण इमानदारीनं गोळ्या घेत होता आणि विषाणू त्या गोळ्यांच्या समोरच वाढत होता. टॅम साचायला याहून सोयीची परिस्थिती नाही. कार्डावर गोळ्यांची नियमितता पंचाण्णव टक्क्यांच्या वर लिहिलेली असते आणि ती खोटी नसते.

सेकंड लाइन, म्हणजे पहिला संच निकामी झाल्यावरचा दुसरा संच, सरकारी कार्यक्रमात आली जानेवारी २००८ मध्ये, तीही आधी जेजे आणि चेन्नईजवळचं तांबरम या दोन ठिकाणी. नवापूरच्या माणसानं त्यासाठी मुंबई गाठायची. रात्रीच्या गाडीनं जायचं, तपासण्या, संच बदलायचा का ते ठरवणारं डॉक्टरांचं पॅनेल, परत. मजुरी बुडवून हे करणारे थोडेच. बाकीचे निकामी झालेल्या पहिल्या लाइनवरच राहिले, म्हणजे टॅमचा साठा वाढतच गेला. झिडोव्ह्युडिननं आणलेले काही टॅम टेनोफोव्हिरलाही अडवतात, हे त्या रुग्णांना पुढं महागात पडलं.

यानंतर टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन-एफाव्हिरेन्झ आलं, म्हणजे टीएलई. दिवसाला एक गोळी, गाल बसत नाहीत, रक्त कमी होत नाही. रेझिस्टन्सचा नकाशा इथं बदलला. भारतात बहुतेक एचआयव्ही सबटाइप सी या उपप्रकाराचा आहे. टेनोफोव्हिरविरुद्धचा के६५आर हा बदल सबटाइप सी मध्ये त्याच्या जनुकीय रचनेमुळं तुलनेनं सहज येतो. पण दोष एकट्या सबटाइपवर टाकू नका. २०१६ मध्ये टेनोफोव्हिर घेऊन फेल झालेल्या रुग्णांचा जगभरचा मोठा अभ्यास आला. युरोपात अशांपैकी सुमारे २० टक्क्यांत टेनोफोव्हिरला रेझिस्टन्स होता, सहाराखालच्या आफ्रिकेत ५७ टक्क्यांत. औषध तेच. फरक बराचसा फेल्युअर किती लवकर पकडलं जातं यातला. जिथं दर काही महिन्यांनी लोड तपासतात तिथं विषाणूला वेळ मिळत नाही. भारतात नियमित व्हायरल लोड सुरू झाला फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधीची वर्षं आपण आफ्रिकेच्या जवळ होतो, युरोपच्या नाही.

एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिनची गोष्ट आपल्या भागात आणखी वेगळी झाली. ही दोन्ही औषधं रक्तात फार रेंगाळतात. तीन औषधं एकाच दिवशी संपली तरी ती एकाच दिवशी उतरत नाहीत. लॅमिव्ह्युडिन आधी जातं, एफाव्हिरेन्झ आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ मागं उरतं. तेवढे दिवस विषाणूसमोर एकटं एफाव्हिरेन्झ असतं, आणि त्याला हरवायला के१०३एन हा एकच बदल पुरतो.

आता धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतकडं. हातात महिन्याच्या गोळ्या, फार तर दोन महिन्यांच्या. फडावर मुकादमाला सांगून ‘दवाखान्यात जातो’ म्हटलं तर कसला दवाखाना हा प्रश्न येतो. गोळ्या संपतात. भोंगऱ्या बाजाराला (होळीच्या आधी भरणाऱ्या आदिवासी बाजाराला), होळीला माणसं परततात, त्यातले काही केंद्रात येतात, पुन्हा गोळ्या सुरू होतात. काही परत जातात आणि थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास दिसतात. तापीकाठच्या गावातली एक बाई दर वेळी एकच वाक्य बोलायची, ‘गोया सरी ग्यात, मंग काय करू?’ (गोळ्या संपल्या, मग काय करू?) तिच्या कार्डावर कुणीतरी ‘अनियमित’ असा शेरा मारून ठेवला होता. तुटण्याचं वेळापत्रक मात्र दरवर्षी तेच होतं, पंचांगाइतकं नियमित. अशा प्रत्येक खंडात एफाव्हिरेन्झचं शेपूट विषाणूला नव्यानं शिकवत होतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक जुना पदर आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एकच गोळी द्यायची पद्धत बरीच वर्षं होती. बाळाचं संरक्षण त्यातून झालं, पण त्या एका गोळीनंही कित्येक मातांच्या विषाणूत रेझिस्टन्स मागं ठेवला, आणि सबटाइप सी मध्ये त्याचं प्रमाण अधिक. २०१४ पासून प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराची एआरटी मिळू लागली, तेव्हा हा प्रकार थांबला. आज पस्तीस-चाळिशीतली बाई समोर असेल आणि पहिलं मूल त्याआधीचं असेल, तर हा प्रश्न विचारा. उत्तर कार्डावर नसतं.

हा सगळा एनएनआरटीआयचा, म्हणजे एफाव्हिरेन्झ-नेव्हिरापिनच्या गटाचा, रेझिस्टन्स मग एका माणसातून दुसऱ्यात जाऊ लागला. ज्यानं आयुष्यात कधी गोळी घेतली नाही त्याच्यातही सापडू लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं की उपचाराआधीच हे प्रमाण १० टक्क्यांवर गेलं तर देशानं पहिली लाइन बदलावी. २०१९ च्या अहवालात पाहणी झालेल्या १८ देशांपैकी १२ देशांनी ती रेषा ओलांडलेली होती. डोलुटेग्रॅविर जगभर इतक्या घाईनं आणलं गेलं त्याचं हे एक मोठं कारण. आपल्याकडं टीएलडी २०२०-२१ पासून पसरली.

म्हणून ‘वाढला की कमी झाला’ या तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एफाव्हिरेन्झ-नेव्हिरापिनचा रेझिस्टन्स लोकांच्या शरीरात तसाच आहे. के१०३एन असलेला विषाणू दमदार असतो, वर्षानुवर्षं टिकतो. फक्त आपण ती औषधंच बाजूला ठेवल्यामुळं रोजच्या उपचारात तो आडवा येत नाही. आणि लोड दाबलेला, म्हणजे औषधानं खाली ठेवलेला, असणाऱ्या रुग्णांचं प्रमाण टीएलडीनंतर स्पष्ट वाढलं आहे. जे दाबलेले राहतात त्यांच्यात नवा रेझिस्टन्स तयार होत नाही.

डोलुटेग्रॅविर एवढं टिकाऊ का? ते विषाणूच्या इंटिग्रेज या एन्झाइमला घट्ट आणि फार वेळ चिकटून राहतं. त्याला हरवायला विषाणूला जे बदल लागतात, आर२६३के, जी११८आर, किंवा क्यू१४८ च्या जागेचे, ते विषाणूला सहज परवडत नाहीत, त्यातले काही तर त्याची वाढच मंदावतात. रक्तातलं अर्धायुष्य सुमारे १४ तास, त्यामुळं एखादी गोळी चुकली तर तोल जात नाही, आणि बंद झाल्यावर एफाव्हिरेन्झसारखं लांब शेपूटही राहत नाही. ऊसतोडीच्या माणसासाठी हा फरक मोलाचा आहे.

तरीही मार्च २०२४ चा जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल वाचून ठेवा. टीएलडीवर ९० टक्क्यांहून अधिक लोकांचा लोड दाबलेला आहे, हे त्यात आहेच. पण ज्या चार देशांनी आकडे दिले, त्यांत डोलुटेग्रॅविरचा रेझिस्टन्स ३.९ ते ८.६ टक्के दिसला. आणि एका गटात तो १९.६ टक्क्यांवर गेला. हा गट म्हणजे आधीची औषधं घेतलेले आणि लोड वर असतानाच टीएलडीवर आणलेले लोक. हे आकडे आपल्या जिल्ह्यांचे नाहीत, पण गट आपल्याकडंही आहे. कोविडच्या वर्षांत टीएलईवरून टीएलडीवर बदल होत होता, तेव्हा प्रत्येकाच्या हातात ताजा लोड नव्हता. त्यातला कुणी के६५आर आणि एम१८४व्ही घेऊनच नव्या गोळीवर आला असेल, तर त्याच्यासाठी टीएलडीत भक्कम औषध एकच उरतं. नादिया या आफ्रिकेतल्या चाचणीत असं दिसलं की अशा रुग्णांतही टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन तसंच ठेवून डोलुटेग्रॅविर चांगलं चालतं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण गोळ्या चुकण्याची मुभा या माणसाला इतरांपेक्षा कमी आहे. हे त्याला स्पष्ट सांगायला हवं.

आता अर्धवट औषधाची आजची कारणं. इथं जरा थांबतो, कारण तुमच्या भागात गोळी घेऊनही ती रक्तात न पोचण्याचे दोन रस्ते फार वाहते आहेत.

पहिला टीबीचा. रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावून डोलुटेग्रॅविर लवकर संपवतं. म्हणून टीएलडीच्या १२ तासांनी ५० मिलिग्रॅम डोलुटेग्रॅविरची वेगळी गोळी द्यायची, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची. कागदावर सोपं आहे. टीबीच्या गोळ्या एका खिडकीवर मिळतात, एआरटी दुसऱ्या, आणि ती जादा गोळी दोन्हीकडच्या मधल्या फटीत पडते. रुग्णाला विचारलं तर तो म्हणतो सगळ्या गोळ्या घेतो, आणि खरंच घेत असतो, सकाळी सगळ्या एकदम. फिटच्या गोळ्यांचंही तसंच आहे. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही औषधं डोलुटेग्रॅविर खाली आणतात. खेड्यात फिटची गोळी वर्षानुवर्षं एकाच जुन्या चिठ्ठीवर चालू असते आणि तिला कुणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही.

दुसरा रस्ता लोह आणि कॅल्शियमचा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. गरोदर बाईला आशाताई लोहाची गोळी देते, कॅल्शियमची देते, आणि ते बरोबरच आहे. एका तरुण गरोदर बाईची पिशवी मी टेबलावर रिकामी केली होती. टीएलडीची बाटली, लोहाची लाल गोळ्यांची पट्टी, कॅल्शियमची पट्टी, आणि छातीत जळजळ होते म्हणून गावच्या दुकानातून आणलेली अँटासिडची गुलाबी बाटली. ती सगळं सकाळी उपाशीपोटी घ्यायची, कारण नंतर शेतावर जावं लागतं आणि घरी सासूसमोर ती बाटली काढता येत नाही. एकही गोळी चुकलेली नव्हती आणि लोड काही हजारांवर होता. लोह, कॅल्शियम, अँटासिडमधलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे सगळे पोटातच डोलुटेग्रॅविरला धरून ठेवतात. लोह आणि कॅल्शियम जेवणाबरोबर घेतलं तर टीएलडीसोबत चालतं, उपाशीपोटी नाही. अँटासिडला ही सवलत नाही. टीएलडी त्याच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तास नंतर. तिला एवढंच सांगितलं की सगळं भाकरीबरोबर घे आणि गुलाबी बाटली आमच्याकडं ठेव. पुढचा लोड दाबलेला आला. तिचा कागद ‘फेल्युअर’ म्हणून पुढं गेला असता तर तिला विनाकारण जड संच मिळाला असता.

सिकलसेलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. टेनोफोव्हिर बदलून झिडोव्ह्युडिन द्यावं असा विचार येईल तेव्हा आधी हिमोग्लोबिन बघा. नऊच्या खाली असेल तर झिडोव्ह्युडिन नको, आणि नंदुरबारच्या अर्ध्या रांगेला ही अट आडवी येईल असं मला वाटतं. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोव्हिर काढूच नका, यकृत एकदम बिघडू शकतं.

रुग्णाशी बोलताना ‘गोळी चुकते का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर कायम ‘नाही साहेब’ असंच येणार. गोळ्या मोजण्यावरही फार विसंबू नका. बसमध्ये हिशोब करून जादा गोळ्या काढून टाकणारे हुशार लोक भरपूर आहेत. त्याऐवजी बाटली घरात कुठं ठेवतोस, भोंगऱ्याला कुठं होतास, रात्रपाळीला गाडी कुठल्या रस्त्यानं जाते असं विचारा. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ड्रायव्हरला दर ट्रिपला तीन-चार दिवस लागतात आणि गोळी गाडीत ठेवायची नाही असं त्यानं ठरवलेलं असतं, कारण क्लीनर बघतो. अशा माणसाला समुपदेशन देऊन उपयोग नाही, बिनलेबलची डबी द्यावी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्यांना जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आणि गुजरातेतल्या कुठल्या एआरटी केंद्रात रुग्णाकडची हिरवी उपचार-पुस्तिका दाखवून गोळ्या घेता येतील ते दिवाळीआधीच शोधून पुस्तिकेत लिहून द्या. कोविडच्या टाळेबंदीत आपण दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देऊ लागलो ते सोय म्हणून. ती सोय अशा लोकांसाठी चालू ठेवण्यात कसलीही जोखीम मला दिसत नाही.

मुलं आणि किशोरवयीन हा वेगळाच लेख होईल, पण वगळताही येत नाही. आफ्रिकेतल्या दहा देशांत नव्यानं निदान झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांत एनएनआरटीआयचा रेझिस्टन्स आढळला होता, आईच्या किंवा बाळाच्या प्रतिबंधक औषधांतून आलेला. आता लहानांसाठी पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची डोलुटेग्रॅविरची गोळी आहे, तिनं कडू सिरपचा छळ संपवला. माझी खरी काळजी आश्रमशाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची. जन्मापासून तीन-तीन संच घेऊन झालेले, वसतिगृहाच्या खोलीत वीस मुलं, पेटीला कुलूप नाही. तिथं गोळी बंद होते ती आठवडाभर नाही, सत्रभर. एका विश्वासू अधीक्षकाला किंवा नर्सला मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं सामील करून घेतलं तर चित्र बदलतं. संमतीशिवाय मात्र कुणालाही सांगू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ते बेकायदा आहे, आणि गावात ती बातमी फिरायला दिवससुद्धा लागत नाही.

लोड हजाराच्या वर आला की तीन महिने नीट पाठपुरावा करून गोळ्या चालू असताना पुन्हा लोड, हा कार्यक्रमाचा नियम आहे, तो पाळा. दुसराही वर आला तर पॅनेलकडं पाठवा, तिसऱ्याची वाट बघू नका. वरचं सीडी४ चं कार्ड आठवा, तशीच वाट बघण्यात टॅम साचले होते. आणि जीनोटाइपची वेळ आली तर नमुना गोळ्या चालू असतानाच घ्या. औषध थांबून महिनाभराहून जास्त झाला की मूळचा विषाणू पुन्हा वर येतो, बदललेला मागं दडतो आणि रिपोर्ट फसवतो.

तो रिपोर्ट वाचण्याची एक खूण सांगतो. टीएलडीवरच्या दोन रुग्णांचे रिपोर्ट समोर ठेवा, दोघांचाही लोड ऐंशी हजार. एकात कुठलाच बदल नाही, पूर्ण स्वच्छ. दुसऱ्यात एम१८४व्ही आहे, इंटिग्रेजमध्ये काही नाही. पहिल्याला बघून ‘रेझिस्टन्स नाही, चांगलं आहे’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात तो गोळी घेतच नाहीये. औषधाचा दाबच नाही, म्हणून निवड नाही. दुसरा थोडीफार घेतोय. दोघांनाही नव्या लाइनची गरज नाही, पण पहिल्याच्या घरी कुणीतरी जाऊन बसावं लागेल. तिसरा रिपोर्ट, ज्यात जी११८आर किंवा आर२६३के आहे, तो आला तर मात्र समुपदेशनात वेळ न घालवता त्याच आठवड्यात वर कळवा. सेकंड लाइनवर ॲटाझानॅविर घेणाऱ्यांतही पहिल्याच प्रकारचे रिपोर्ट जास्त येतात.

तुमच्या रुग्णांपुरतं लगेच करायचं ते असं. ज्यांचा लोड वर आला आहे त्यांची पांढरी कार्डं काढा आणि टीएलडी सुरू झाली त्या तारखेच्या आसपास लोड लिहिलेला आहे का ते पाहा. नसेल, किंवा हजाराच्या वर असेल, तर तो रुग्ण यादीत सर्वांत वर. त्यानंतर टीबी झालेले, मग गरोदर आणि सिकलसेलच्या बायका, मग आश्रमशाळेतली मुलं. पॅनेलला कागद पाठवताना सगळी औषधं तारखांसह लिहा: २००४ आधीची खासगी चिठ्ठी, बाळंतपणातली नेव्हिरापिनची गोळी, स्टॅव्ह्युडिनची वर्षं, खंड किती आणि कोणत्या महिन्यात, टीबीत जादा गोळी मिळाली होती का. नुसतं ‘टीएलडी फेल्युअर’ लिहून पाठवलेला कागद महिनाभरानं हेच प्रश्न घेऊन परत येतो, आणि तोवर रुग्ण बारडोलीला गेलेला असतो.